लेकराला स्केटिंगला घालताना: क्लबच्या फाटकापासून पहिल्या शर्यतीपर्यंत

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की आमच्या ट्रॅकच्या फाटकाशी हमखास दिसणारं दृश्य आहे. वडील गाडी लावतात, मागून आई उतरते, मधे लेकरू, आणि लेकराच्या हातात नवंकोरं खोकं. खोक्यात दोन मापं मोठे स्केट, कारण "पुढच्या वर्षीही चालले पाहिजेत". हेल्मेट नाही. "सर, घेऊन आलोय. आता शिकवा."

मी लातुरात नवशिक्यांची सकाळची बॅच घेतो. असं खोकं घेऊन आलेली कितीतरी लेकरं शाळा उघडायच्या आत खेळ सोडतात. कुणाला घोट्यावर फोड येतात, कुणी एकदा आपटलं की परत चाकावर उभं राहत नाही. एका वर्षी दुसऱ्याच दिवशी एका मुलीचं मनगट मोडलं. तिला पडायचं कसं हे आम्ही अजून शिकवलंच नव्हतं. ती चूक माझी होती. तेव्हापासून आमच्याकडे पहिले चार दिवस कुणीही घसरत पुढे जात नाही.

खाली दिलेला क्रम तसाच पाळा. लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, कुठेही असलात तरी हाच क्रम चालतो.

१. क्लब बघायला रिकाम्या हातानं जा

खरेदी नंतर. आधी दोन वेळा जाऊन पूर्ण तासभर कट्ट्यावर बसा. त्यातली एक फेरी न कळवता करा.

पहिली नजर जमिनीवर. सिमेंटचा गुळगुळीत कोबा किंवा बारीक, दाबलेलं डांबर असेल तर उत्तम. शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या आवारात शहाबादी फरशी असते. तिच्या सांध्यात चाक अडकतं आणि लेकरू थेट तोंडावर जातं. फरशीवरच बॅच चालत असेल तर सांधे भरलेले आहेत का, हात फिरवून बघा. कडेला वाळू, खडी, झाडाच्या वाळक्या शेंगा पडल्यात का? बॅचच्या आधी कुणी झाडून घेतं का? झाडू मारणारा क्लब मला नेहमी चांगला वाटत आला आहे.

आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला स्केटिंगचा ट्रॅक नाही, त्यामुळे अनेक क्लब शाळेच्या मैदानावर, हॉलमध्ये किंवा कॉलनीतल्या बंद रस्त्यावर चालतात. त्यात गैर काही नाही. मात्र पहाटे बायपासच्या किंवा हायवेच्या सर्व्हिस रोडवर लेकरं पळवणाऱ्या क्लबात पाठवू नका, त्यांच्या भिंतीवर कितीही पदकं टांगलेली असोत. पाच वाजता रस्ता मोकळा दिसतो आणि उसाचा ट्रॅक्टर त्याच वेळी येतो.

मग माणसांकडे बघा. नवशिकी लेकरं वेगळ्या कोपऱ्यात आहेत की जोरात पळणाऱ्या मोठ्या मुलांमध्येच? एका प्रशिक्षकाकडे नवशिकी किती? मदतनीस नसताना दहा-बारांच्या वर असतील तर तुमच्या लेकराकडे कुणाचंच लक्ष राहणार नाही. एखादं लेकरू पडलं की सर काय करतात, हे तर नक्की बघा. ओरडतात, हात धरून उपसतात, की बाजूला बसून त्याला स्वतः उठायला लावतात?

विचारायचे प्रश्न चारच:

- सुरुवातीचे पंधरा दिवस क्लबचे जुने स्केट वापरायला मिळतील का?
- क्लब जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का, आणि त्याचा कागद दाखवाल का?
- हेल्मेटशिवाय ट्रॅकवर येऊ देता का? (उत्तर "नाही" हवं.)
- प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे? ती उघडून दाखवायला सांगा.

*सावधान:* पहिल्याच भेटीत "स्केट आमच्याकडूनच घ्यावे लागतील" असं म्हणणाऱ्याकडे खरेदी थांबवा. स्केट कुठून घ्यायचे हे माप घेतल्यावर ठरतं.

२. पंधरा दिवस चाकांशिवाय

साधारण पाच वर्षांचं लेकरू सूचना ऐकून तसं करू शकतं. त्याहून लहान असेल तर घाई नको. दमा, चष्मा, फिट येणं, पायाचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि प्रशिक्षकाला सांगा. क्लबला सांगायला अनेकजण संकोचतात, आणि मग दम लागलेल्या लेकराला सर आळशी समजतात.

घरी रोज पंधरा मिनिटं एवढंच करायचं:

- एका पायावर उभं राहणं. दोन्ही पायांवर आलटून-पालटून.
- खुर्चीत अर्धवट बसल्यासारखं गुडघे वाकवून थांबणं. पाठ सरळ, नजर समोर, हात मांडीवर.
- त्याच बैठकीत आडवं चालणं, दहा पावलं डावीकडे, दहा उजवीकडे.
- जिन्याच्या पायऱ्या आडव्या चढणं, एक पाय दुसऱ्यावरून टाकत. डावी बाजू जिन्याकडे ठेवून. याचं कारण आठव्या टप्प्यात कळेल.

धाराशिवकडून बदलून आलेली खो-खो खेळणारी दोन भावंडं माझ्याकडे होती. चाकावर ती आठवडाभरात स्थिरावली, कारण गुडघा वाकवून राहण्याची सवय अंगात मुरलेली होती. मैदानी खेळ खेळणाऱ्या लेकराचा खेळ या नादात सोडवू नका.

*तपासा:* प्रत्येक पायावर वीस सेकंद न डगमगता उभं राहता येतं का? अर्ध्या बैठकीत तीस सेकंद? जमत नसेल तर आणखी आठवडा द्या.

३. माप आणि खरेदी

सर्वात जास्त पैसा इथे वाया जातो, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. कोरा कागद भिंतीला चिकटवून फरशीवर ठेवा. लेकराला टाच भिंतीला टेकवून त्यावर सरळ उभं करा, बसवून नको. सर्वात पुढे आलेल्या बोटाशी पेन्सिल उभी धरून खूण करा. अंगठाच सर्वात लांब असतो असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट पुढे असतं. दोन्ही पाय मोजा. एखाद्या पायाचं माप दोन-चार मिलिमीटर जास्त निघतं, तेच धरायचं. मिलिमीटरमधलं हे माप कागदावर लिहून खिशात ठेवा. बुटाचा नंबर प्रत्येक कंपनीचा वेगळा निघतो, मिलिमीटर बदलत नाही.

आता प्रकार. क्वाड म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन चाकं. इनलाइन म्हणजे एका रेषेत तीन किंवा चार चाकं. नवशिक्यासाठी बाजारात बुटावर पट्ट्यांनी बांधायचे, लांबी कमी-जास्त करता येणारे क्वाड मिळतात, त्यांना सगळे अॅडजस्टेबल म्हणतात. हजार-दोन हजारांत येतात. पहिले सहा-आठ महिने तेवढ्यात भागतं. दोन गोष्टी बघा: लेकराचं माप त्या स्केटच्या लांबीच्या पल्ल्यात खालच्या बाजूला बसावं म्हणजे वाढायला जागा राहते, आणि आत घालायचा बूट कडक तळाचा असावा. मऊ कॅनव्हासच्या बुटावर पट्टी आवळली की पाय आत वळतो आणि संध्याकाळी लेकरू घोटा धरून बसतं.

बुटासकट येणारे स्केट घेत असाल तर असं तपासा. पातळ मोजा घाला. टाच मागे ठोकून बसवा, मग नाडी बांधा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकायला हवीत. गुडघे वाकवल्यावर ती मागे सरकायला हवीत. टाच उचलून बघा. बुटात टाच वर-खाली होत असेल तर तो बूट मोठा आहे. नाडी आवळून ते बरं होत नाही, आणि दोन जाड मोजे घालून तर मुळीच नाही. मोजे आतल्या आत सरकतात आणि फोड तिथेच येतात. मोठे स्केट घेऊन पैसे वाचत नाहीत. दोन महिन्यांत लेकरू खेळ सोडतं आणि स्केट माळ्यावर जातात.

चाकावर दोन आकडे छापलेले असतात. मिलिमीटरचा आकडा व्यासाचा. दुसरा, ८२ए किंवा ८५ए असा, कडकपणाचा. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. गुळगुळीत कोब्यावर फार कडक चाक वळणात निसटतं, म्हणून क्लबची जमीन सांगून चाक निवडा. बेअरिंगच्या खोक्यावरचा एबेक ७, एबेक ९ हा आकडा पाहून भुलू नका. तो बेअरिंग किती अचूक मापाचं बनलंय ते सांगतो, लेकरू किती पळेल ते नाही.

संरक्षणाचं सामान स्केटच्या आधी घ्या आणि पैसे कमी पडत असतील तर स्केट जुने घ्या, हे सामान नवं घ्या. हेल्मेट, गुडघ्याचे, कोपराचे पॅड आणि मनगटाचे गार्ड. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं बसावं. मागे सरकून टाळूवर गेलेलं हेल्मेट बिनकामाचं. पट्ट्या कानाच्या खाली इंग्रजी व्हीसारख्या जुळाव्यात आणि हनुवटीखाली एकच बोट शिरेल इतकीच ढील असावी. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला. आतला फोम एकदा दाबला की परत फुगत नाही.

*तपासा:* हेल्मेट घालून लेकराला जोरात "नाही, नाही" अशी मान हलवायला सांगा. हेल्मेट मानेबरोबर फिरायला हवं. मान वळली आणि हेल्मेट जागेवरच राहिलं, तर ते मोठं आहे.

४. अंगावर चढवण्याचा क्रम

गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड, हेल्मेट, मग स्केट, आणि मनगटाचे गार्ड सर्वात शेवटी. गार्ड आधी घातले तर नाडी बांधता येत नाही. मग लेकरू ते काढतं आणि परत घालायला विसरतं. मनगटं मोडतात ती बहुतेक अशाच सकाळी.

नाडी बोटांकडे सैल, मधे बेताची, घोट्यापाशी घट्ट. नाडीची टोकं आत खोचा. चाकाखाली आलेली नाडी म्हणजे पडणं ठरलेलं. हे सगळं बाकावर बसून करायचं, मातीत बसून नाही. आपली काळी माती एकदा बेअरिंगमध्ये गेली की चाक खरखर वाजायला लागतं.

५. पहिले चार दिवस: पडणं आणि उठणं

पालकांना हा टप्पा फार कंटाळवाणा वाटतो. "सर, चार दिवस झाले, अजून पुढे सरकवलंच नाही." बरोबर आहे. सरकवणारच नाही.

जुन्या सतरंजीवर किंवा लॉनवर उभं करा, तिथे चाक फिरत नाही. टाचा जवळ, पंजे बाहेर, गुडघे वाकलेले. तोल जातोय असं वाटलं की लेकरू दोन गोष्टी आपोआप करतं: सरळ ताठ होतं आणि हात मागे टाकतं. दोन्ही घातक. ताठ झालं की उंचावरून पडतं, आणि मागे टाकलेल्या हातावर सगळं वजन येतं.

म्हणून असं घोटून घ्या. तोल गेला की *खाली बसायचं*. मग पुढे झुकून आधी गुडघ्याचे पॅड टेकवायचे, नंतर कोपर, शेवटी मनगटाचे गार्ड. मुठी मिटलेल्या. उघडी बोटं जमिनीवर पसरली की मागून येणाऱ्याचं चाक त्यांवरून जातं. मान वर, हनुवटी छातीपासून दूर. मी एक, दोन, तीन म्हणतो आणि लेकरं "गुडघा, कोपर, मनगट" असं मोठ्यानं म्हणत पडतात. दिवसाला वीस वेळा. तिसऱ्या दिवशी त्यांना त्यात मजा यायला लागते, आणि भीती जाते ती तिथे.

उठणं: दोन्ही गुडघ्यांवर या. एक स्केट उचलून पुढे टेकवा. दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवा. दाब देऊन वर या. हात जमिनीवर ठेवून उठायचं नाही, स्केट मागे निसटतो. आई-वडिलांनी बगलेत हात घालून उचलायचं तर अजिबात नाही. ट्रॅकवर तुम्ही नसाल.

*तपासा:* कुणी न सांगता, न रडता, दहा सेकंदांत उठता येतं का? आलं की सतरंजी गुंडाळा.

६. आधी थांबणं, मग पळणं

बदकासारखी छोटी पावलं टाकत पाच-सात मीटर जाता आलं की लगेच थांबायला शिकवा. उतारावर कधीच शिकवू नका.

पहिला प्रकार नांगराचा: पाय खांद्याहून जास्त फाकवा, गुडघे वाकवा, टाचा बाहेर आणि पंजे आत ढकला. वेग आपसूक मरतो. दुसरा टी-ब्रेक: पुढचा पाय सरळ, मागचा त्याला आडवा ठेवून हलका ओढायचा. वजन पुढच्याच पायावर. मागच्या पायावर वजन टाकलं की अंग गर्रकन फिरतं.

क्वाडच्या पुढच्या टोकाला रबराचा स्टॉपर असतो. वेगात असताना पुढे झुकून तो टेकवला की लेकरू कोलांटी खातं. तो फक्त उभं राहण्यापुरता. इनलाइनला मागे, टाचेशी ब्रेक असतो, तो पाय पुढे सरकवून, पंजा उचलून दाबायचा. शर्यतीच्या स्केटना ब्रेक नसतोच, म्हणून नांगर आणि टी-ब्रेक पक्के झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

*तपासा:* खडूनं रेघ मारा. दहा मीटरवरून येऊन रेघेच्या आत थांबता येतं का? पाचपैकी चार वेळा जमायला हवं.

७. ढकलणं: मागे नको, बाजूला

चालताना आपण पाय मागे ढकलतो. चाकावर तसं केलं की चाक मागे घसरतं, आणि पाय झिजवण्यापलीकडे काही होत नाही. चाकावर ढकलायचं ते बाजूला.

बैठक तीच, अर्ध्या खुर्चीची. वजन पूर्णपणे एका पायावर. दुसरा पाय बाजूला ढकला, सगळी चाकं एकदम उचला, मागून गोल आणून पहिल्या पायाशेजारी टेकवा. मग वजन बदला. कान लावून ऐका. नीट ढकललं की "सर्रर्र" असा लांब आवाज येतो. "टक्, टक्, टक्" आला तर लेकरू अजून चालतंय.

हात कमरेमागे. हात फिरवणं नंतर शिकवा, आधी फिरवलं तर खांदे डोलतात आणि खालचे पाय बिघडतात. नजर दहा मीटर पुढे. पायाकडे बघणारं लेकरू पायाकडेच पडतं.

महिनाभर एवढंच. रोजचा पाऊण तास. कंटाळा येईल, मग शिवाशिवी खेळा, लगोरीच्या ठिकऱ्या उचलायला लावा. खाली वाकणं आणि वेग सोडणं त्यातच होतं.

८. वळण आणि ट्रॅकची शिस्त

शर्यत घड्याळाच्या उलट दिशेनं होते, म्हणजे वळण कायम डावीकडे. उजवा पाय डाव्यावरून पुढे टाकायचा, आणि त्याच वेळी डावा पाय खालून उजवीकडे ढकलायचा. बहुतेक लेकरं उजवा पाय उचलतात आणि डाव्याला विसरतात. जिन्याच्या त्या आडव्या पायऱ्या आता उपयोगाला येतात. आधी जागेवर, मग जमिनीवर खडूनं काढलेल्या पाच-सहा मीटरच्या वर्तुळात, मग ट्रॅकवर. सरावाच्या शेवटी थोडा वेळ उलट दिशेनंही फिरवा, नाहीतर एकच बाजू तयार होते.

ट्रॅकचे नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवा:

- आत शिरताना मागे बघा, पळणारा जाऊ द्या.
- पुढच्याला बाहेरून ओलांडा. आतून घुसायचं नाही.
- ट्रॅकवर थांबायचं नाही. नाडी सुटली तर बाहेर.
- पडलात तर हात-पाय गोळा करा आणि लवकर कडेला या.

आई-वडिलांसाठी एक: व्हिडिओ काढायला आतल्या बाजूला उभे राहू नका. ट्रॅकच्या मधे उभ्या असलेल्या पालकाला चुकवताना झालेली टक्कर मी पाहिली आहे.

ऊन, पाऊस आणि वीज

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. सकाळी सहाच्या आसपास सुरू करून आठच्या आत आटपा. संध्याकाळी कोबा तापलेला असतो. हाताचा पंजा उलटा करून जमिनीवर पाच सेकंद ठेवा, ठेववला नाही तर सराव नाही. पाण्याची बाटली घरून, अर्ध्या लिंबाचं मीठ-साखर घातलेलं पाणी सोबत.

पहिला पाऊस पडला की धूळ आणि पाणी मिळून जमिनीवर साबणासारखा थर येतो. त्या दिवशी सुट्टी, ट्रॅक वाळलेला दिसला तरी. पावसाळ्यात सतरंजीवरचे व्यायाम करा. संध्याकाळच्या बॅचमध्ये दिवे गेले तर सगळ्यांनी जागेवर खाली बसायचं, हे आधीच ठरवून घ्या.

९. चाकांची देखभाल

आठवड्यातून एकदा, रविवारी. ॲलन कीनं, म्हणजे षटकोनी चावीनं, चाकाचे बोल्ट तपासा. चाक बोटानं फिरवल्यावर मोकळं फिरावं, पण आडवं हलू नये. कपडा ओला न करता पुसा. बेअरिंगला पाणी लागलं की गंजतं, म्हणून स्केट धुवायचे नाहीत.

चाकाची आतली कड आधी झिजते. इनलाइनची चार चाकं असतील तर पहिलं तिसऱ्याच्या जागी आणि दुसरं चौथ्याच्या जागी लावा, आणि त्याच वेळी डाव्या पायाची चाकं उजव्याला द्या, झिजलेली कड बाहेर येईल अशी. हे केलं नाही तर चाक एका बाजूला कलतं आणि लेकराचा घोटाही त्याबरोबर आत कलतो. सर घोट्याला दोष देत बसतात.

१०. इनलाइनची घाई

सहाव्या महिन्यात शेजारच्या मुलाच्या पायात महागडे इनलाइन दिसतात आणि घरात विषय निघतो. शर्यतीचे इनलाइन पंधरा-वीस हजारांपासून पुढे जातात. खालच्या तीनही गोष्टी जमत असतील तरच विचार करा: पूर्ण वेगात दोन्ही प्रकारे थांबणं, डावं वळण न थांबता दहा फेऱ्या, आणि एका पायावर दहा मीटर सरळ घसरणं.

लहान मुलांना लहान चाक. मोठ्यांच्या ट्रॅकच्या शर्यतीत ११० मिलिमीटरची चाकं असतात म्हणून आठ वर्षांच्या पायाला ती लावू नका. चाक मोठं म्हणजे पाय जमिनीपासून उंच, आणि उंच पाय सांभाळायला घोट्यात ताकद लागते. क्लबमधल्या मोठ्या मुलाचे लहान झालेले स्केट मिळाले तर उत्तम, मात्र बूट कडेनं फाटलेला नको आणि चाकाची चौकट सरळ असावी. सपाट टेबलावर ठेवून बघा, सगळी चाकं टेकली पाहिजेत.

११. पहिली स्पर्धा आणि तिचे कागद

इथे चूक झाली तर पैसाच जात नाही, लेकराच्या हाती खोटा कागद येतो. म्हणून जरा कडक लिहितो.

अधिकृत वाटा दोन. एक संघटनेची: क्लब, जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि वर रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया. दुसरी शाळेची: जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय भरवतं त्या शालेय स्पर्धा, जिल्हा, मग विभाग, मग राज्य. मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगर आणि लातूर हे दोन क्रीडा विभाग लागतात. शालेय स्पर्धेत लेकराचं नाव शाळेमार्फत जातं, क्लबमार्फत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या क्रीडाशिक्षकांना स्वतः भेटा. त्यांच्याकडे स्केटिंग खेळणारं एकच लेकरू असतं, ते विसरून जातात.

या दोन्हींच्या बाहेर "ओपन नॅशनल", "इंटरनॅशनल कप" अशा नावांनी स्पर्धा होतात. प्रवेश फी मोठी, गोव्यात किंवा उत्तरेत दोन दिवसांची सहल, आणि येताना प्रत्येकाच्या गळ्यात पदक. माझ्याच बॅचचे एक पालक एकदा बारा हजार भरून आले. मुलगा तीनच स्पर्धकांच्या गटात तिसरा आला होता. तो कागद पुढे दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी चालला नाही. मुलाला वाटलं आपण काहीतरी चोरलं. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठीचं प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे पडताळलं जातं. कागद तिथपर्यंत टिकायला हवा. पैसे भरायच्या आधी एकच काम करा: स्पर्धेचं परिपत्रक घेऊन जिल्हा क्रीडा कार्यालयात जा आणि "ही स्पर्धा सवलतीसाठी ग्राह्य आहे का?" असं विचारा.

लागणारे कागद एका फाइलीत ठेवा: जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, पासपोर्ट फोटो, डॉक्टरांचा फिटनेस दाखला, क्लबची नोंदणी. वयोगट जन्मतारखेवर ठरतो आणि कोणत्या तारखेचं वय धरायचं ते त्या वर्षीच्या परिपत्रकात असतं. जन्मतारीख बदलून लहान गटात घालण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो क्लब त्याच दिवशी सोडा.

स्पर्धेच्या सकाळी:

- दोन तास आधी हलकं खाणं. पोहे, केळं. वडापाव नाही.
- ॲलन की, जादा नाडी, जादा मोजे पिशवीत.
- ट्रॅक अनोळखी असतो. बूट घालून एक फेरी चाला, भेगा आणि खड्डे बघून ठेवा.
- वॉर्म-अप आधी स्केटशिवाय, मग स्केटवर.
- नवं चाक, नवं बेअरिंग, नवा बूट त्या दिवशी नाही.

शेवटची रेषा शिकवायची राहून जाते. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत पुरुषांची ३००० मीटर रिले बघितली असेल तर आठवेल. पुढे असलेल्या कोरियाच्या स्केटरनं रेषेआधीच जिंकल्याचे हात वर केले, तैवानच्या स्केटरनं त्याच क्षणी पाय पुढे सरकवला, आणि सुवर्ण ०.०१ सेकंदानं गेलं. त्याच शर्यतीत आपल्याला कांस्य मिळालं, आणि संघात महाराष्ट्राचे विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. आठ वर्षांच्या लेकराला मी हे असं शिकवतो: रेषेच्या पलीकडे पाच मीटरवर खडूनं आणखी एक रेघ मारतो. शर्यत त्या दुसऱ्या रेघेला संपते. आणि खऱ्या रेषेवर चाकं जमिनीला टेकलेली ठेवून एक पाय पुढे सरकवायचा. उडी मारायची नाही.

रेषा ओलांडली की एकदम ब्रेक नको, मागून इतर येत असतात. सरळ जात अर्धी फेरी वेग मरू द्या, मग बाहेर. लेकरू कितवं आलं हे ते सांगेल तेव्हा ऐका, आधी पाणी द्या.

आणि निघण्यापूर्वी प्रमाणपत्र तिथेच वाचा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, जन्मतारीख, गट, अंतर, स्पर्धेची तारीख, सही आणि शिक्का. एखादं अक्षर चुकलं असेल तर आयोजक टेबल आवरायच्या आत बदलून घ्या.